डोनाच्या टायलरची चौकशी

"मुलगा वर चढणार की तळाशीच राहणार, हे मी तुला आठ दिवसांत सांगते!" असा शब्द देऊन रत्नप्रभाबाईंनी डोनापुढे शंकरपाळ्यांची वाटी सरकवली.

डोना ही आखातातल्या अल दुहैलच्या कंपाऊंडमधली त्यांची अमेरिकन शेजारीण. तिचा मुलगा टायलर तिकडे कॅरोलायनात बेसबॉल खेळायचा. त्यांच्याकडे म्हणे दरवर्षी मोठे संघ पोरं निवडतात, फेरीमागून फेरी. टायलरचं नाव आलं अगदी शेवटी. पंगत उठता उठता कुणाला तरी आठवावं, की अरे, दाराशी एक माणूस जेवायचा राहिलाच, तसं! आता तो सगळ्यात खालच्या लीगमध्ये चेंडू फेकत होता. तिथून मोठ्या संघापर्यंत पाच-सहा पायऱ्या, आणि बहुतेक पोरं दुसऱ्या पायरीवरूनच घरी परततात. त्याच्या कॉलेजनं ऑगस्टअखेरपर्यंत जागा राखून ठेवली होती. खेळू की परत जाऊ, असं तो रोज फोनवर विचारी, आणि फोन ठेवून डोना रोज रडे.

रत्नप्रभाबाईंना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण स्थळांच्या चौकशीत त्यांचा हात धरणारं आखातात कोणी नव्हतं. त्यांनी पसंत केलेल्या एकाही मुलानं आजवर कुणाला रडवलं नव्हतं. आणि डोनाचं रडणं त्यांना बघवत नव्हतं.

"अगं, खेळातलं तुला काय कळतं?" रास लफानच्या गॅस कारखान्याच्या बससाठी बूट चढवता चढवता त्यांच्या यजमानांनी, गजेंद्ररावांनी विचारलं.

"खेळातलं नाही, मुलांतलं कळतं! अहो, मुलगा तो मुलगा. स्वभाव, व्यसन, अंगात काही खोट आहे का, मोठ्यांशी कसा वागतो. एवढं बघितलं की तो कुठवर जाणार ते दिसतं."

टायलरच्या गावापासून तासाभरावर बाईंची मामेबहीण मृणालिनी राहत होती. बाईंनी तिला फोन लावला. "त्याला कळता कामा नये हं! लांबूनच बघायचं. आणि घरच्या माणसांबद्दल नीट विचार."

मृणालिनी म्हणजे जीव ओतून काम करणारी. नवऱ्याची पक्षी बघायची दुर्बीण गळ्यात, मांडीवर चकल्यांचा डबा, अशी ती सलग तीन सामन्यांना पहिल्या रांगेत बसली. वर त्याच्या कोचला गाठून, मुलाला राग येतो का, आईला फोन करतो का, हेही विचारून आली!

"रत्ने, मला काही बरं दिसत नाही," तिनं फोनवर सांगितलं. "सारखा काहीतरी चघळतो आणि पचापचा थुंकतो!"

"तंबाखू?"

"देव जाणे! आणि सामना संपला की खांद्याला ही एवढी बर्फाची पिशवी बांधून बसतो. या वयात! खांद्यातच काहीतरी आहे त्याच्या."

"आणि स्वभाव?"

"स्वभाव गोड आहे गं. सगळ्यांच्या बाटल्या भरून ठेवतो. पण तोंड उतरलेलं. मन लागत नाही पोराचं."

संपलं! थुंकणारा, खांद्यानं अधू आणि मन न लागणारा. नकार! पण तो डोनाला सांगायचा कसा, म्हणून बाई दोन दिवस पडदे ओढून घरात बसल्या. डोनानं बेल वाजवली की टीव्हीचा आवाज बंद!

इकडे मृणालिनीनं पुण्याच्या नणंदेला एवढंच सांगितलं, की रत्ना एका अमेरिकन मुलाची चौकशी करतेय. नणंदेनं ते इथल्याच अबू हमूर भागातल्या विभावरीला सांगितलं. आणि चौकशी म्हटल्यावर कशाची, हे आपल्यात कुणी विचारतं का?

गजेंद्रराव त्या दिवशी बसमधून उतरले ते घामाघूम.

"रत्ना, आमच्या ऑफिसातला स्वानंद मला म्हणाला, काका, अभिनंदन! जावई फुटबॉल खेळतात ना? इथल्या वर्ल्ड कपची तिकिटं बघा हं, सेमीफायनलसुद्धा चालेल! अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनंसुद्धा!"

"आई, सिरियसली?" लेक ईरा आतून ओरडली. "ही इज थ्री इयर्स यंगर दॅन मी!"

"बघा! वय हिलाही ठाऊक आहे," गजेंद्रराव खुर्चीत कोसळले.

तेवढ्यात बेल वाजली. या खेपेला टीव्ही बंद करायलाही वेळ मिळाला नाही. दारात डोना, हातात केक, डोळ्यांत पाणी. बाईंनी मनातल्या मनात वाक्य जुळवलं: डोना, मुलगा गुणी आहे, पण...

"रत्ना! टायलरनं बॅग भरली होती. खेळ सोडून परत जायचंच ठरवलं होतं त्यानं," डोना एका दमात सांगू लागली. "आणि त्याच आठवड्यात एका मोठ्या संघाची स्काऊट, खेळाडू हेरणारी, त्याला बघायला आली! भारतीय बाई. पहिल्या रांगेत, दुर्बीण लावून. हसली नाही, टाळी नाही, नुसतं काहीतरी कुरकुरीत खात बघत राहिली. कोचला तर म्हणे त्याच्या स्वभावाबद्दल विचारलं! टायलर म्हणाला, आई, माझ्यासाठी कुणी इतक्या लांबून कधीच आलं नव्हतं. मग तो असा काही खेळला, असा काही खेळला, की आज त्याला वरच्या पायरीवर पाठवलंय! पण तू सांग, तुझं काय मत? जाऊ दे ना त्याला?"

गजेंद्ररावांना ठसका लागला. रत्नप्रभाबाईंनी डोनाकडे बघितलं. महिनाभरात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर झोप झाल्याची खूण होती.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या. "मुलगा चांगला आहे. फक्त ते थुंकणं बंद करायला सांग."

डोना गेल्यावर बाईंनी आधी मृणालिनीला फोन लावला. "पुढचा सामना कधी आहे?"

"अगं, कोच सांगत होता, आता तो नव्या गावाला गेला. इथून सहा तास! मला नाही जमणार."

बाईंनी फोन ठेवला. पोरगं पहिल्या रांगेकडे बघणार, आणि तिथे कुणीच नाही!

शुक्रवारी विभावरीच्या व्हिलात गणपतीच्या कार्यक्रमाची तालीम होती. बाईंनी नाच मध्येच थांबवला आणि त्या नव्या गावाचं नाव मोठ्यानं सांगून विचारलं, "तिथे कुणाचं कुणी आहे का गं? टायलरकडे बघायला जरा आपलं माणूस हवंय."

मग विभावरीनं हातातली टिपरी उंच उडवली. "म्हणजे ईराचं ठरलं! यल्ला, चला, पेढे आणा!"