चौथं तिकीट

“जरा सांभाळा काका, खड्डा आलाय.”

एवढंच वाक्य. रुक्मिणीबाईंच्या कानात ते सात वर्षं मुक्कामाला होतं. तांदूळ निवडताना, देवापुढची वात सारखी करताना ते मध्येच उठायचं, एक येरझार घालायचं आणि पुन्हा निजायचं. तो आवाज कुणाचा, कुठला, हे त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. मालनने विचारलंच कधी, “आये, कसला विचार करतेस गं?” तर त्या म्हणायच्या, “काय नाय गो. मीठ घातलंय की नाय, त्याचा.”

मनात ठेवलेली गोष्ट त्यांच्या जावयाकडेही होती, आणि ती चांगली चारचाकी होती. दत्ताराम घाटकोपरच्या एका सेवा मंडळाची शववाहिनी चालवायचा. सासुरवाडीत त्याने सांगितलं होतं, ‘मंडळाची गाडी चालवतो.’ त्यात खोटं काही नव्हतं. आधीच्या दोन स्थळांना त्याने पूर्ण खरं सांगून पाहिलं होतं. एका घरी तर तो जिना उतरत असतानाच त्याची कपबशी राखेने घासल्याचा आवाज त्याच्या कानावर आला होता. मालनला मात्र त्याने लग्नाआधीच सांगितलं. ती म्हणाली, “आयेला नको सांगूया. ती मग आपल्या घरात पाणीपण प्यायची नाय.” लग्नाला दोन वर्षं झाली. रुक्मिणीबाई दर महिन्याला मुलुंडहून यायच्या, दोन घास जास्तच जेवायच्या, आणि रिकाम्या ताटाकडे बघून दत्तारामचा जीव भांड्यात पडायचा.

शहाऐंशीच्या डिसेंबरात त्यांनी जावयाकडे पहिल्यांदाच काही मागितलं.

“जावयबापू, ते गाडीत बसून सिनेमा बघतत ना, थंय माका एकदा न्या.”

वांद्र्याच्या खाडीकाठी ड्राइव्ह-इन उघडलं, तेव्हा मालनच्या वडिलांनी, सहदेवरावांनी, ती बातमी घरात मोठ्याने वाचून दाखवली होती. मैदानात रांगेने गाड्या, समोर चाळीएवढा पडदा, आणि खांबावरून काढून गाडीच्या खिडकीला अडकवायचा एक बोलका डबा. अमेरिकेत म्हणे पन्नासेक वर्षांपूर्वी एका माणसाने अंगणातल्या झाडांना चादर बांधली, त्यावर चित्र पाडलं आणि गाडीत बसून बघितलं. तिथून ही टूम निघाली. रुक्मिणीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, “आमच्या जत्रेतल्या तंबूत तरी काय वेगळं होतं? बैल तेवढे बाहेर बांधायचे.” सहदेवराव हसले होते. “गाडी मिळाली की जाऊ,” म्हणाले होते. गाडी मिळायच्या आधी तेच गेले.

“मागे खुर्च्यापण असतात, आई. बसने जाऊ,” दत्ताराम म्हणाला.

“खुर्चीत बसून बघूचा तर मुलुंडात काय थेटरं नाय?”

तेव्हा गाडी ठरली. दत्तारामचा मित्र दशरथ आपली टॅक्सी देणार होता. रविवारी संध्याकाळी रुक्मिणीबाई भाकरी, जवळ्याची चटणी आणि पांढरी शाल घेऊन हजर झाल्या. दशरथही हजर झाला, पण चालत.

“क्लच प्लेट गेली रे. वाट लागली.”

“आता म्हातारीला काय सांगू?”

“तुझी गाडी आहे ना. आज ड्युटीला दुसरी आहे ना तुमची?”

“अरे, ती गाडी कसली…”

“चार चाकं, एक हॉर्न. आणखी काय लागतं यार सिनेमाला?”

दत्तारामने अर्ध्या तासात गाडीचं रूप पालटलं. दोन्ही बाजूंना ‘अंतिम सेवा’ अशी अक्षरं होती. एकीकडे त्यांवर मंडळाचा एकुलता एक कापडी फलक बांधला: ‘सत्यनारायणाची महापूजा. सर्वांनी अगत्य यावे.’ दुसऱ्या बाजूला मालनने लग्नातली मोराची चादर बांधली. आतल्या लोखंडी फळीवर गादी घातली. झेंडू आणि धुपाचा वास जाईना, म्हणून दत्तारामने उदबत्त्या लावल्या. मग तर गाडी अगदी निघायच्या वेळेसारखीच दरवळू लागली.

“ही मंडळाची गाडी,” तो सासूला म्हणाला.

“होय. छान हा,” रुक्मिणीबाई म्हणाल्या आणि चढल्या. त्या दाराला वर एक आडवी पट्टी होती. नवखा माणूस तिथे हमखास कपाळ आपटायचा. रुक्मिणीबाई बरोब्बर तिथे वाकल्या. आपल्याच घाबरण्यात दत्तारामच्या ते लक्षात आलं नाही.

वाटेत आणखीच पंचाईत. ही गाडी उपनगरात सगळ्यांच्या ओळखीची. फलक-चादरीने कुणी फसत नव्हतं. रिक्षावाले कडेला होत होते, पानवाला हात जोडत होता, एका म्हाताऱ्याने टोपी काढली.

“जावयबापूंना मान मोठा हा,” मागून आवाज आला.

“देवाची कृपा, आई,” दत्ताराम म्हणाला आणि मालनने त्याला कोपराने ढोसलं.

ड्राइव्ह-इनच्या फाटकावर शिवदास नावाचा माणूस तिकिटं फाडत होता. खाडीवरून धुकं आत येत होतं. त्या धुक्यातून पांढरी मेटाडोर व्हॅन पुढे आली तशी त्याने आधी हात जोडले.

“कुणाचं झालं?”

“कुणाचं काही नाही. सिनेमाला आलोय.”

“आत किती?”

“तीन.”

“चार,” मागच्या अंधारातून रुक्मिणीबाई म्हणाल्या.

शिवदासने आत बॅटरी मारली. पुढे ड्रायव्हर आणि एक बाई, मागे एक म्हातारी. त्याने पुन्हा मोजलं.

“चौथं कुठाय?”

“तुम्ही तिकीट फाडा,” रुक्मिणीबाई शांतपणे म्हणाल्या. “त्यांचा काय त्रास नाय कुणाक.”

शिवदासच्या हातून चार तिकिटं फाटली. पण गाडी आत गेल्यावर तो किती तरी वेळ त्या गादी घातलेल्या फळीचाच विचार करत राहिला. मग त्याने तो विचार आइस्क्रीमवाल्याला सांगितला. आइस्क्रीमवाला रांगारांगांतून हिंडणारा माणूस.

तिथलं सुख काही वेगळंच होतं. लोक गाड्या उलट्या लावून डिक्क्या उघडत होते, सतरंज्या पसरत होत्या, पोरं दुलईत शिरून टपावर बसली होती. कुणी चपला काढलेल्या, कुणी डबे उघडलेले. पडदा मात्र अजून कोरा होता. धुक्यात तो एखाद्या धुतलेल्या धोतरासारखा उभा होता, आतून कुणी हलवल्यासारखा थरथरत. मग एकदम अंधार झाला आणि शेदोनशे डबे एकाच घशाने कुजबुजले. सिनेमा भुताचा होता. ओसाड हवेली, दिवा घेतलेली बाई, आणि मागे कुणी नसताना वाजणारी पावलं.

दत्तारामनेही गाडी उलटी लावून मागची दारं उघडली. रुक्मिणीबाईंची पाठ धरली होती. त्या फळीवर आडव्या झाल्या, शाल हनुवटीपर्यंत ओढली, आणि भिंतीकडे हातभर जागा सोडली.

“आये, सरक ना तिकडे, पडशील,” मागे येऊन बसलेली मालन म्हणाली.

“ऱ्हवांदे. ती जागा ऱ्हवांदे.”

मालनने त्या रिकाम्या जागेकडे एकदा बघितलं. ती उतरून नवऱ्याजवळ पुढे जाऊन बसली.

शेजारच्या फियाटमध्ये अंधेरीचे चंद्रप्रकाश नावाचे गृहस्थ सहकुटुंब भेळ खात होते. आइस्क्रीमवाल्याने त्यांना कपाबरोबर बातमी दिली: बाजूच्या गाडीत चौथं आहे. तिकीट काढून आणलंय.

“काहीतरी काय सांगतोस?” चंद्रप्रकाश म्हणाले. तेवढ्यात खाडीचा वारा सुटला, मोराची चादर फडफडली, एका टोकाने सुटली आणि ‘अंतिम’ एवढं दिसलं. चंद्रप्रकाशांनी भेळ खाली ठेवली. बघून येतो, म्हणाले. ते शिकलेले गृहस्थ होते, त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. ते पावलं न वाजवता मेटाडोरच्या मागे गेले आणि आत डोकावले. पांढऱ्या शालीत एक आकृती उताणी, हात छातीवर. पडद्यावर दिवा विझला. शेदोनशे डबे एकदम गप्प झाले.

रुक्मिणीबाईंना वाटलं, आपलाच डबा बंद पडला. त्या उठून बसल्या आणि समोर दिसलेल्या माणसाला म्हणाल्या, “माका कायच ऐकू येत नाय. तुमका येता?”

चंद्रप्रकाश उलट्या पावली आपल्या गाडीत शिरले, ते थेट हॉर्नवर पडले. ड्राइव्ह-इनची रीत अशी, की रीळ तुटलं की सगळ्यांनी हॉर्न द्यायचा. एक हॉर्न ऐकून दुसऱ्याने दिला, दुसऱ्याचा ऐकून चाळिसांनी. वर मशीनवाल्याला वाटलं, खरंच काही तुटलं. त्याने सिनेमा थांबवला. त्या काळोखात एका रांगेतून दुसऱ्या रांगेत वाक्य सरकलं, “उठलं. ते उठून बसलं.” मग गाड्या चालू झाल्या. डबे खिडकीवरून काढायचं भान कुणाला राहिलं नाही. वायरी ताणल्या, तुटल्या, आणि डबे खिडक्यांना लोंबकळत फाटकाबाहेर गेले.

जे थांबले त्यांनी हेडलाइट मेटाडोरवर रोखले. फलक एव्हाना पडला होता. त्या झगझगाटात ‘अंतिम सेवा’ स्वच्छ दिसत होतं आणि दारात रुक्मिणीबाई डोळ्यांवर हात धरून बसल्या होत्या. शिवदास बॅटरी घेऊन आला, पण दहा पावलांवर थांबला.

“त्यांना म्हणावं, परत निजा,” तो लांबूनच म्हणाला.

दत्ताराम खाली उतरला. काय जातंय ते त्याला कळत होतं. दोन वर्षांची जेवणं, महिन्याचा तो एक रविवार, मालनचं माहेर. पण सासूला सगळं मैदान भूत समजत होतं आणि ती थंडीने कुडकुडत होती.

“ऐका,” तो म्हणाला. “ही शववाहिनी आहे. मी हिचा ड्रायव्हर. हेच माझं काम. आत मेलेलं कुणी नाही. ती माझी सासू आहे.”

एकेक दिवा विझत गेला. रुक्मिणीबाई जावयाकडे बघत नव्हत्या. त्या शिवदासला म्हणाल्या, “आता पुढचा लावा. ती बाई हवेलीत अडकून पडली हा कवापासून.”

सिनेमा पुढे सुरू झाला. मैदान अर्धं रिकामं. वायर शाबूत राहिलेले काही डबे खांबांवरच राहिले होते आणि कुणी नसलेल्या जागांना हलक्या आवाजात ती गोष्ट सांगत होते. दत्तारामला पडद्यावर काही दिसलं नाही. भाकरीचा डबा मात्र दिसत होता. रुक्मिणीबाईंच्या पायाशी, गाठ न सोडलेला.

परतीची वाट शीववरून मुलुंडकडे. पुढे दत्ताराम-मालन, मागे रुक्मिणीबाई एकट्या. मालनने दोनदा मागे वळून बघितलं. दत्तारामने आरशातही बघितलं नाही, ती त्याची जुनी सवय. मागच्यांचं रडणं मागच्यांचं असतं, असं तो मानायचा. शीवच्या पुलापाशी रस्ता खोदलेला होता. दत्तारामने वेग कमी केला आणि त्याच्या नकळत, रोज निघतं तसं, तोंडातून निघून गेलं,

“जरा सांभाळा, खड्डा आलाय.”

मागे डब्याची गाठ सुटल्याचा आवाज झाला.

“अकरा होते,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “सात वर्षांमागं. शीवच्या इस्पितळातून ह्यांना घरी आणला, तेव्हा ह्याच फळीवर हे, आणि बाजूक मी एकटी. तोंडावर पदर होता माझ्या. अकरा खड्डे, आणि अकराही वेळा पुढून एक पोर ह्यांका सांगत होता, काका सांभाळा.”

गाडी आपोआप कडेला थांबली.

“आये, तुला ठाऊक होतं?” मालनने विचारलं.

“जावयबापू तुका बघायला इले, तेव्हा तुझ्या हातात कप देताना म्हणाले ना, ‘जरा सांभाळा, गरम आहे’. तेव्हाच.” त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पुढे जावयाच्या हातावर ठेवला. “तुम्ही दोघां इतकी मेहनत घेऊन लपवत होतात, म्हणून मी गप्प. चौथा तिकीट ह्यांचा होता. गाडी मिळाली की जाऊ, म्हणाले होते, म्हटलं ह्यांच्याच गाडीतून जाऊया.”

दत्तारामने तुकडा हातातच धरून ठेवला.

“खावा ओ,” रुक्मिणीबाई म्हणाल्या. “गेलेल्या माणसाक खड्डा सांगणारो माणूस माझ्या जित्या पोरीक कसो जपीत, ह्या बघूनच तर दिली मी ती तुमका.”