हद्दीबाहेरचे भोपळे

भाजीवाल्याने वजन झाल्यावर पिशवीत टाकलेली एक मिरची परत काढून घेतली, त्या संध्याकाळी मी भोपळा लावायचं ठरवलं. हा तोच भाजीवाला, जो पूर्वी मूठभर मिरच्या वर टाकून "असू द्या साहेब" म्हणायचा. आता साहेबही गेले आणि मिरच्याही गेल्या. मी त्याला काही बोललो नाही. (मी दुकानदारांना कधीच काही बोलत नाही. जे बोलायचं ते घरी येऊन बायकोला बोलतो.)

बायको आपल्या परीने महागाईशी झुंजत होतीच. तेलाची बाटली डब्यावर उलटी करून ठेवायची, दुधाच्या भांड्यात पाणी फिरवून ते चहात घालायचं, फ्लॉवरचे दांडे सोलून त्यांची वेगळी भाजी करायची. पण हे सगळं ती न बोलता करायची, त्यामुळे ते मला काटकसर वाटलंच नाही. जिची जाहीर घोषणा करता येते ती काटकसर, अशी माझी समजूत होती. म्हणून मी जेवताना जाहीर केलं की यापुढे आपण घरचं पिकवून खाणार. बायकोने "बरं" म्हटलं आणि आमटी वाढली.

भोपळाच का, तर आमच्या हेडक्लार्कच्या मते हे एकच पीक असं आहे की ज्याला माळ्याची अक्कल लागत नाही. हे त्यांनी नेमकं मलाच का सांगितलं, हा विचार तेव्हा मनात आला नाही. घरातल्याच फोडीतल्या बिया काढल्या, गळक्या बादलीत माती भरली आणि बादली बाल्कनीत ठेवली. इथे माझं शेतीतलं योगदान संपलं. पाणी बायको घालायची.

आता आमच्या बाल्कनीबद्दल सांगायला हवं. माझी बदली या गावात झाली तेव्हा बायकोची सगळी माणसं मागे राहिली. ती मुळात अबोल; नव्या ओळखी काढणं तिला जमत नाही. मी सकाळी ऑफिसला जायचो आणि ती दिवसभर भिंतींशी बोलायची. मग आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर सिस्टर राहायला आल्या. त्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्याच. सगळी बिल्डिंग त्यांना सिस्टर म्हणायची. एके दिवशी त्यांच्या हातून चष्मा निसटला, तो आमच्या बाल्कनीतल्या वाळत घातलेल्या चादरीत अडकला, आणि तिथून दोघींची गट्टी जमली. सिस्टरांनी वरून दोरीला बांधून एक टोपली सोडली. त्या टोपलीतून वाटीभर साखर वर जायची, पेपर खाली यायचा, सुईदोरा वर जायचा, लिंबू खाली यायचं. महागाई वाढली तशी टोपलीची ये-जाही वाढली, कारण एकीचं संपलेलं दुसरीकडे थोडंसं उरलेलं असायचं. दुपारभर या दोघी खाली-वर उभ्या राहून बोलत. रात्री जेवताना ती मला त्यातलं काहीबाही सांगायची आणि मी पेपर वाचत हुं हुं करायचो. बायको हसायला लागली होती, एवढं मात्र माझ्याही लक्षात आलं होतं.

तर माझ्या वेलाने वर जायला काय धरावं? टोपलीची दोरी. वेलाला आधार सापडलाय म्हटल्यावर दोघींनी टोपली काढून ठेवली आणि दोरी दोन्हीकडे घट्ट बांधून टाकली. बघता बघता वेल वर पोचला, सिस्टरांच्या ग्रिलवर ऐसपैस पसरला, आणि त्याला जे भोपळे लागले ते सगळे तिथे लागले. आमच्याकडे फक्त पानं आणि वांझोटी फुलं. ऑफिसातून येताना रस्त्यावरून मान वर केली की सिस्टरांच्या ग्रिलला टेकून बसलेले ते गुबगुबीत भोपळे दिसायचे. सासरी सुखात असलेल्या लेकींनी माहेरी फिरकू नये, तसं मला वाटायचं.

तरी मी गप्प बसलो असतो. पण मी जमीनमोजणीच्या ऑफिसात कारकून आहे. कुणाची मोरी कुणाच्या हद्दीत, कुणाच्या झाडाची फांदी कुणाच्या अंगणात, यातच माझे केस गेले. एकदा डबा खाताना मी भोपळ्यांची बढाई मारली, तेव्हा हेडक्लार्कनी घास थांबवून विचारलं की फळ कुणाच्या ताब्यात आहे. मी म्हटलं, वरच्या बाईंच्या. ते म्हणाले, मग तुम्ही बादलीचे मालक आहात, भोपळ्यांचे नाही. सगळे हसले. मलाही हसावं लागलं, आणि घास काही नीट उतरला नाही.

त्याच संध्याकाळी जिना चढताना वरून भोपळ्याच्या भाजीचा वास आला. बायको बाजारात गेली होती. (ती घरी असती तर मी दाराशीच अडवला गेलो असतो आणि ही गोष्ट तुम्हाला वाचावी लागली नसती.) मी तसाच आणखी एक मजला चढलो आणि बेल दाबली.

सिस्टरांनी हातात पळी घेऊन दार उघडलं. आत या म्हणाल्या, चहा टाकू का म्हणाल्या. मी उंबऱ्यातच उभा राहिलो आणि ऑफिसात पक्षकारांशी बोलतो त्या आवाजात मुद्दा मांडला. वेलाचं मूळ आमच्या हद्दीत आहे. बादली आमची, माती आमची, पाणी आमचं. फळं केवळ विस्तारामुळे वरच्या हद्दीत आली आहेत. सबब त्यांचा वापर करण्यापूर्वी मूळ लागवडदाराला विचारलं जावं, एवढीच अपेक्षा आहे. 'सबब' हा शब्द मी खरंच वापरला.

 सिस्टरांनी पळी खाली करून विचारलं, "हे तिचं म्हणणं आहे का?"

इथे मी जे बोललो, ते कुठलाही शहाणा नवरा बोलला नसता. पण ऑफिसात इतकी वर्षं घालवल्यावर माणूस 'मी' म्हणायला विसरतो. आमच्याकडे कुणाचंही मत एकट्याचं नसतं. ते कायम 'या कार्यालयाचं' असतं. तेवढाच जोर येतो आणि अंगावर काही येत नाही.

मी म्हणालो, "आमचं दोघांचंही तसंच मत आहे."

"असं होय," त्या म्हणाल्या, आणि दार हलकेच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने दूध घ्यायला दार उघडलं, तर बाहेर एक मोठी पिशवी. आत सगळे भोपळे. देठ कात्रीने सफाईदार कापलेले, चीक पुसून घेतलेला. सगळे कच्चे. बायको पिशवीकडे बघत राहिली आणि मग माझ्याकडे. मी पेपर उघडला. तिने तो माझ्या हातातून काढून घेतला, आणि मला सगळं सांगावं लागलं, 'सबब'सकट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "त्या काल बाजारातली फोड शिजवत होत्या. मीच आणून दिली होती. आपले पिकू दे म्हणत होत्या, मग दोघी मिळून पहिला कापू."

मग आणखी एक गोष्ट कळली. आमच्या गल्लीत मधमाश्या केव्हाच दिसेनाशा झाल्यात. खालच्या वेलाची ती वांझोटी म्हणून मी हिणवलेली फुलं म्हणजे नर फुलं. रोज सकाळी मी ऑफिसला निघालो की बायको ती खुडून काठीच्या टोकाला अडकवून वर पोचवायची आणि सिस्टर ती एकेका मादी फुलाला लावायच्या. तसं केल्याशिवाय एकही भोपळा धरला नसता. हे तिने मला जेवताना सांगितलंही होतं म्हणे. मी हुं म्हटलं होतं.

ती वर गेली. सिस्टरांनी दार उघडलं नाही. आतूनच, डोकं दुखतंय गं, नंतर बघू म्हणाल्या. नंतरही डोकं दुखतच राहिलं. वरच्या बाल्कनीचं दार बंद झालं ते उघडेना. बायको दुपारी बाल्कनीत कपडे वाळत घालायची, ते वाळायच्या आधीच पुन्हा झटकायची, आणि वर बघायची. आमचं जेवण म्हणजे रोज कच्चा भोपळा. त्याला ना चव ना गोडी. मी निमूट गिळायचो. ती त्यातला एक घासही घ्यायची नाही.

मला वाईट वाटत होतं, अगदी मनापासून. पण वर जाऊन सरळ माफी मागावी, हे काही सुचलं नाही. सुचली ती कारकुनी युक्ती. एखादी बाब प्रलंबित असली की पत्रव्यवहार चालू राहतो, हे आमचं खातं शिकवतं. एक भोपळा जर सिस्टरांच्या ग्रिलवर अजून शिल्लक असला, तर त्यांना त्याचं काहीतरी करावंच लागेल. ठेवला तर सांगावं लागेल, परत केला तर खाली यावं लागेल. बोलणं आपोआप सुरू होईल. मी भाजीवाल्याकडून त्याच्याकडचा सगळ्यात पिकलेला अख्खा भोपळा घेतला. (माझं घरचं पिकवून खाण्याचं अभियान इथवर आलं होतं.)

सुट्टीच्या दिवशी बायको अंघोळीला गेलेली बघून मी बाल्कनीत स्टूल ठेवलं. भोपळ्याच्या देठाला सुतळी बांधली, तो फरशी पुसायच्या काठीवर तोलला आणि वर ढकलून सिस्टरांच्या ग्रिलजवळच्या वेलात अडकवला. क्षणभर तो इतका शोभून दिसला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. मग वेल ताणला गेला. भ्रमाचा भोपळा फुटतो असं म्हणतात; माझा आधी माझ्या खांद्यावर बसला, मग कठड्यावरून खाली गेला आणि मधल्या अंगणात फुटला. त्याच्यामागोमाग अख्खा वेल, दोरीसकट, माझ्या अंगावर. स्टूल कुठे गेलं ते कळलं नाही. मी कठड्याला मिठी मारून, पानांत गुरफटून उभा होतो.

वरचं बंद दार उघडलं. सिस्टर वाकून आधी अंगणातल्या लगद्याकडे आणि मग माझ्याकडे बघू लागल्या. नर्सच त्या; आधी विचारलं, कुठे लागलंय का. मी नाही म्हटलं. मग त्या आत जायला वळल्या, आणि मला कळलं की आता नाही तर कधीच नाही.

"सिस्टर," मी म्हणालो, "ते मत माझं एकट्याचं होतं. तिला यातलं काही ठाऊकसुद्धा नव्हतं."

"मग दोघांचं का म्हणालात?"

"एकट्याने म्हणायचं धाडस झालं नाही."

सिस्टरांचा चेहरा जरा बदलला. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "किती दिवस मला वाटत होतं, हिला असं वाटत असूनही ही माझ्याशी गोड बोलत होती," त्या म्हणाल्या. "तिला वर पाठवा. आणि तुम्ही नका येऊ."

बायको केसांना टॉवेल गुंडाळलेला तसाच ठेवून वर गेली. ती उतरली तेव्हा दिवे लागले होते. डोळे सुजलेले होते, पण चालण्यात पुन्हा जीव आला होता.

तेव्हापासून ती रोज दुपारी वरच जाते. खाली-वर उभं राहून बोलण्याची आता गरज उरली नाही. बिल्डिंगमधली दुरावलेली माणसं जवळ आली, हे चांगलंच झालं. फक्त आमचं जेवण फार शांत असतं. मी पेपर बाजूला ठेवून, हात धुऊन, ऐकायला तयार होऊन बसतो, आणि विचारतो की आज काय विशेष. ती म्हणते, काही नाही. पूर्वी ती न विचारता सांगायची, तेव्हा त्यात कुणाची सून होती, कुणाचं गुडघ्याचं दुखणं होतं, सिस्टरांच्या वॉर्डातल्या जुन्या गमती होत्या. त्यातलं आठवायला गेलं तर मला माझं हुं हुं तेवढं आठवतं. फार चुटपुट लागते.

काल राहवेना. मी म्हटलं, खरं सांग, तुम्ही दोघी वर बसून माझ्याबद्दलच बोलता ना? माझ्यापासून लपवण्यासारखं दुसरं काय असणार?

बायकोने माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, थोडी कीवच होती.

"बोललो होतो," ती म्हणाली. "पण तुमचा विषय त्या पहिल्या दुपारीच संपला."