सर्जेरावांचा तिहेरी बंदोबस्त

संरक्षणाचा मूळ सिद्धांत असा, की ज्याचे संरक्षण करायचे त्यालाच आधी आत कोंडावे. बाहेरचे लोक मग आपोआप बाहेर राहतात. वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून सगळी नोकरी काढलेल्या सर्जेरावांना हे कुणी शिकवावे लागले नाही.

निवृत्तीनंतर पुंडलिकनगरच्या घरात राखण करण्याजोगी एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे हॉलमधला संगणक. त्यात त्यांची लेक योगिनी हिचा बाजरीच्या जुन्या वाणांवरचा पीएचडीचा प्रबंध होता. पोरीची पाच वर्षांची मेहनत. सोमवारी तो विद्यापीठात ऑनलाइन जमा करायची शेवटची तारीख होती. साहजिकच सर्जेरावांनी गुरुवारी बंदोबस्ताचे काम हाती घेतले.

प्रथम जनमत घेण्यात आले. गल्लीतल्या शंभर टक्के नागरिकांनी (एकूण चार, पैकी तिघांकडे संगणक नाही) आपापल्या मेहुण्याकडचा अँटिव्हायरसच सर्वोत्तम असल्याचे सांगितले. शिवाय गेटवरचा अनुभव असा, की एका एजन्सीचा पहारेकरी झोपतो, दोन एजन्सींचे असले तर दोघे मिळून झोपतात, म्हणून तिसरी नेमावी लागते. सर्जेरावांनी तीन अँटिव्हायरस बसवले, आणि वर फायरवॉल.

"लई कुलपं लावू नका," त्यांच्या पत्नी मालनबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "आत-बाहेर आपल्यालाच करायचं असतं." (हे मत अल्पमत म्हणून नोंदवण्यात आले.)

व्यवस्था चोख निघाली. पहिल्याने दुसऱ्याला संशयित म्हणून धरले, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि या धरपकडीत संगणकाला दुसरे काही करायला सवडच राहिली नाही. फायरवॉल 'आत सोडू का?' असे विचारी. सर्जेराव खुर्ची टाकून बसले आणि प्रत्येकाला नाही म्हणाले. प्रिंटरलाही. (तो घरात बरीच वर्षे होता, पण ओळखपत्र दाखवू शकला नाही.) योगिनीचा पेनड्राइव्ह झडतीसाठी आत घेतला, तो निर्दोष, म्हणजे संपूर्ण कोरा होऊन बाहेर आला.

रविवारी तिसऱ्या अँटिव्हायरसने, काहीतरी कामगिरी दाखवणे भाग होते म्हणून, प्रबंधच पकडला. रोज उघडली जाणारी, दिवसेंदिवस फुगत चाललेली फाइल. संशयाला जागा होतीच. त्याने ती कायमची पुसली आणि अभिनंदनाची हिरवी खूण दाखवली.

"पप्पा, काय केलं हो हे," योगिनी म्हणाली. साऱ्या नोकरीत सर्जेरावांच्या गेटमधून एक नट बाहेर गेला नव्हता, आणि घरातून लेकीची पाच वर्षे गेली होती.

"गाइडला दाखवायला परवा प्रिंट कुठं काढली होतीस?" मालनबाईंनी विचारले.

कोपऱ्यावर, गयासभाईंच्या झेरॉक्सच्या दुकानात. सगळे तिकडे धावले. तिथल्या संगणकाला ना अँटिव्हायरस, ना पासवर्ड. येणारा जाणारा माउस धरी. प्रबंध डेस्कटॉपवर जसाच्या तसा पडलेला होता.

"मैं किसीका कुछ बी डिलीट नै करता," गयासभाई म्हणाले. "लोगां फिर आते ना."

प्रबंध तिथूनच जमा झाला. सर्जेरावांनी डोळे पुसले आणि मग, सवयच ती, पडद्यावर एक फेरी मारली. अख्ख्या शहराची पासबुके, पॅन कार्डे, लग्नाचे बायोडेटा तिथे सुखाने नांदत होते. खाली उजवीकडे, वाचकहो, आपले आधार कार्डही होते. एक झेरॉक्स काढून द्या म्हणून आपणच व्हॉट्सअॅपवर पाठवलेले. फोटो आपण समजता तितका वाईट आलेला नाही.