सायाळबाईंचं दुकान आणि नदीपलीकडचं माळरान

हे दुकान कुणीतरी बंद पाडलं आहे. नाव घेत नाही. ज्यानं पाडलं त्याला ते पक्कं ठाऊक आहे, आणि दुकान बंद होताना सगळ्यात मोठ्यानं रडला तोही तोच. मुलांनो, तुमच्यापैकी कुणी मान खाली घातली असेल तर ती वर करा. गोष्ट ऐकताना मान वर असावी.

तर एका जंगलात, जिथं दुकानं फारशी नव्हती पण दुकानांवर प्रेम करणारे भरपूर होते, एक सायाळ राहत होती. पाण्याकडे जाणाऱ्या वाटेवर, उंबराखाली तिचं छोटंसं दुकान होतं. हिंग, सुंठ, चारोळी, डिंक, हिरडा, मध. समोर एक बाकडं. बाकड्यावर बसलं की दुकान नीट दिसायचं.

या दुकानाची एक रीत होती. सायाळ प्रत्येक वस्तू पळसाच्या पानात बांधून द्यायची. जंगलात वाचता येणारे कमी. घरी गेल्यावर कुठल्या पुडीत काय आहे ते कळावं म्हणून ती पानावर चित्र काढायची. अंगावरून गळलेला स्वतःचाच एक काटा बिब्ब्याच्या काळ्या रसात बुडवायचा आणि चार रेघा ओढायच्या. सुंठीच्या पुडीवर खोकणारं वानर. मधाच्या पुडीवर तोंड सुजलेलं अस्वल. हिरड्याच्या पुडीवर पोट धरून बसलेलं तरस.

गिऱ्हाईक घरी जायचं, पुडी सोडायचं, वस्तू घ्यायचं आणि पाण्याला जाताना पान वाटेच्या पलीकडच्या खड्ड्यात टाकून द्यायचं. त्या खड्ड्यात पानांचा मोठा ढीग झाला होता. ढिगात एक गोगलगाय राहायची. तिच्याकडे आपण नंतर येऊ. तिला घाई नाही. मला आहे.

दुकान सगळ्यांचं लाडकं होतं. सगळ्यात जास्त सांबररावांचं. ते रोज सकाळी शिंगं सावरत बाकड्यावर येऊन बसायचे.

"सायाळबाई, जरा चारोळी द्या बघू चाखायला."

सायाळ द्यायची.

"वा! अशी चारोळी साऱ्या रानात नाही."

"मग बांधू का पुडी?"

"नको नको. मागवलीय मी वानरांकडून. येतेच आहे."

पलीकडच्या डोंगरावर वानरांनी घरपोच सेवा सुरू केली होती. नुसतं 'हूप' म्हणायचं, की दहा मिनिटांत माल हजर.

"इथं मागवलीत?" सायाळीनं विचारलं. "माझ्या दुकानासमोर?"

"पत्ता सांगायला बरा पडतो हो," सांबरराव म्हणाले. "सायाळबाईंचं दुकान म्हटलं की वानरं डोळे मिटून येतात. तुमचं नाव आहे रानात!"

एवढ्यात फांदीवरून पुडी पडली. सांबररावांनी ती उघडली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "तुमच्यासारखी नाही." मग सगळी खाल्ली.

एके दिवशी सकाळपासून एकही गिऱ्हाईक आलं नाही. चाखणारे येऊन गेले, ते वेगळे. सायाळीनं सवयीनं पानं पुढ्यात घेतली. बांधायला काही नव्हतं, म्हणून ती नुसतीच रेघा ओढत बसली. ऊन उतरलं तेव्हा चाळीस पानं भरली होती. ती शेजारी शेजारी मांडली, तर एका पानावरची फांदी दुसऱ्या पानात जात होती. एकावरची मुंगी तिसऱ्यावर पोचली होती. पत्रावळ टाचतात तशी तिनं काट्यांनी पानं एकमेकांना टाचली.

ती पाण्याची वाट होती. उंबरापासून वारुळापर्यंत.

सायाळ पुष्कळ वेळ बघत राहिली. वाट पुढं नदीला जाते. नदीपलीकडे माळरान आहे. लहानपणी आईच्या मागून ती एकदाच तिथं गेली होती. नंतर दुकान आलं, आणि दुकान टाकून जाता आलं नाही. तिला एकदम वाटलं, हे चित्र माळरानापर्यंत गेलं पाहिजे. दुसरं काही वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, "येत्या अमावास्येला दुकान बंद. मी चित्रं काढणार."

टिटवीनं ही बातमी जंगलभर केली. टिटवी बातम्या सांगायची आणि सांगता सांगता रडायची, त्यामुळे दोन्ही कामं एका फेरीत व्हायची.

दुपारपर्यंत 'सायाळबाईंचं दुकान बचाव समिती' स्थापन झाली. सांबरराव अध्यक्ष. सभा बाकड्यावरच भरली. अध्यक्षांना गहिवरून आल्यामुळे त्यांना थोडा मध चाटायला द्यावा लागला.

"मित्रहो," ते म्हणाले, "हे दुकान नाही. हे आपलं बालपण आहे. या बरण्यांत आपल्या आठवणी आहेत. त्या बंद होताना आपण बघत राहायचं का?"

"नाही!" सगळे ओरडले.

मागच्या बाजूला एक रानडुक्कर बसलं होतं. ते म्हणालं, "मग आपण रोज थोडं थोडं विकत घेऊ या का इथून?"

सगळ्यांनी वळून रानडुकराकडे बघितलं. टिटवीसुद्धा रडायची थांबली.

"इथं भावनेचा विषय चाललाय," सांबरराव हळू आवाजात म्हणाले, "आणि तुम्ही बाजार काय काढता?"

ही सूचना भावनाशून्य म्हणून फेटाळण्यात आली. मग सर्वानुमते दुःख व्यक्त करण्यात आलं.

अमावास्येला तोबा गर्दी झाली. शेवटचा दिवस म्हणून सगळ्यांनी सगळं चाखलं. दिवस मावळायच्या आत बरण्या रिकाम्या झाल्या, आणि एकही पुडी बांधावी लागली नाही.

मग सायाळीनं दुकानाची फळी लावली. वाटेच्या पलीकडे दोन पळस होते. त्यांच्यामध्ये तिनं टाचलेली पानं ताणून बांधली. खालची कडा खड्ड्यातल्या ढिगाला टेकली. पुढं कोरी पानं टाचून ठेवली, माळरानासाठी. आठ दिवसांत चित्र वारुळावरून नदीच्या काठापर्यंत आलं. आता पलीकडे जाऊन माळरान पुन्हा एकदा बघून यायचं, की झालं. गवत कोणत्या बाजूला कलतं तेवढं तिला आठवत नव्हतं.

निघायच्या आधी तिनं सगळ्यांना चित्र बघायला बोलावलं.

सगळे आले आणि बाकड्यावर बसले. बाकड्याचं तोंड दुकानाकडे, चित्र पाठीमागे. बाकडं फिरवावं असं कुणाला सुचलं नाही. सगळे बंद फळीकडे बघून सुस्कारे टाकू लागले.

"मागे आहे," सायाळ म्हणाली.

सांबररावांनी मान वळवली. तेवढ्यानंही शिंगं दोघांना लागली.

"छान आहे. पण यात दुकान कुठं आहे?"

"दुकान नाही यात. ही पाण्याची वाट. इथून नदी. पुढं माळरान येणार आहे."

"माळरानावर काय असतं?"

"गवत. वारा."

"असू द्या, असू द्या. पण एका कोपऱ्यात दुकान घालता आलं असतं." ते पुन्हा फळीकडे वळले. "सायाळबाई, तुमचं काय ते चालू द्या. मला फक्त आठवण म्हणून, हवं तर पैसे घेऊन, त्या दुकानाचं एक चित्र काढून द्या. बाकड्यासकट. बाकड्यावर मी."

"बघा हं," टिटवी म्हणाली, "चित्र पूर्वी हिंगाबरोबर असंच मिळायचं. आता हिंगही नाही आणि वर चित्र विकत!"

पण सांबररावांनी चित्राचे पैसे मोजले. त्या दुकानात त्यांनी कधी काही विकत घेतल्याचं कुणाला आठवत नव्हतं, त्यामुळे बघणारे भारावून गेले. सायाळीला वाटलं, एक दिवसाचं काम आहे. माळरानावर परवा जाऊ.

परवा टिटवी आली. तिला दुकान हवं होतं, पण सांबरराव वगळून. मग अस्वल आलं. त्याला बरण्या भरलेल्या हव्या होत्या. मग तरस आलं. प्रत्येकाला बाकड्यावर मधोमध आपणच हवे होते. सांबररावांनी आणखी सहा नेली, सासुरवाडीला द्यायला.

आता सायाळ पूर्वीच्याच जागी, उंबराखाली बसू लागली. फळीला दुकानाची चित्रं टांगलेली. समोर बाकडं भरलेलं. चित्र विकलं गेलं की ती ते पळसाच्या पानात बांधून द्यायची, आणि सवयीनं त्या पानावर चार रेघा ओढायची. लोक घरी जाऊन चित्र ठेवून घ्यायचे आणि पान खड्ड्यात टाकायचे.

"दुकान बंद पडल्यापासून दुकान काय चाललंय!" टिटवी सगळीकडे सांगत सुटली. "याला म्हणतात कलेचं चीज!"

सांबरराव म्हणायचे, "मी पहिल्यापासून सांगत होतो, चित्रकार व्हा म्हणून."

दोन महिने असे गेले. पळसांमधलं चित्र नदीच्या काठाशी थांबलेलं होतं. कोऱ्या पानांच्या कडा वळू लागल्या होत्या.

एक दिवस सायाळ त्या कडा सरळ करायला गेली, तर चित्रातल्या वारुळावर काहीतरी चिकटलं होतं. ती काढायला गेली तेव्हा ते बोललं.

"हात नका लावू बाई. माझं बघून व्हायचंय."

ती गोगलगाय होती.

"तुम्हाला पानं खायची आहेत का?" सायाळीनं विचारलं.

"छे! चित्राचं पान मी खात नाही. फक्त कडेकडेनं खाते." गोगलगाईनं एक शिंग बाहेर काढलं. "तुमचं सगळं बघितलंय मी. खोकणारं वानर, सुजलेलं अस्वल. पोट धरून बसलेलं तरस तर दोनदा बघितलं. मला असं लांब बसून दिसत नाही. वरून चालत गेलं की दिसतं."

"आणि हे?"

"हे फार मोठं आहे. उंबर झाला. आता वारूळ चालू आहे. वारुळावर कालचा अख्खा दिवस गेला. मुंगी तर काय काढलीय!"

त्या मुंगीबद्दल आजवर कुणी काही बोललं नव्हतं. सायाळ वाकून मुंगीकडे बघू लागली.

"पुढं नदी आहे," ती म्हणाली.

"सांगू नका हो! घालवली ना मजा." गोगलगाय रागावली. मग जरा थांबून म्हणाली, "एक विचारू का? त्या तिकडच्या पानांना बिब्ब्याचा वास येत नाही. कोरी आहेत का?"

"आहेत."

"मी पोचेपर्यंत होतील ना?"

"तुम्ही कधी पोचाल?"

"घाई केली तर सहा दिवसांत."

"घाई करू नका," सायाळ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सांबरराव आठवं चित्र न्यायला आले. फळी रिकामी होती. सायाळ काटे झाडून निघायच्या तयारीत होती.

"सायाळबाई, चित्र?"

"बंद केलं."

"काय बंद केलं?"

"चित्रांचं दुकान."

सांबरराव मटकन बाकड्यावर बसले. "पण का? आमचं किती प्रेम होतं त्याच्यावर! आता आम्ही रोज सकाळी बसायचं कुठं?"

"इथंच बसा. बाकडं मी नेत नाहीये."

"आणि तुम्ही कुठं निघालात?"

"माळरान बघायला. गवत कोणत्या बाजूला कलतं ते बघून येते."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच," सायाळ म्हणाली आणि गेली.

दुपारपर्यंत 'सायाळबाईंच्या दुकानाच्या चित्रांचं दुकान बचाव समिती' स्थापन झाली. अध्यक्ष तेच. रानडुक्कर या वेळी काही बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी सायाळ परतली. काट्यांमध्ये गवताची कुसळं अडकलेली, पाय चिखलानं भरलेले. आल्या आल्या तिनं काटा बिब्ब्यात बुडवला. गोगलगाय तेव्हा काठाच्या अलीकडे दोन पानांवर होती. सायाळीनं आधी नदीचं पाणी पुरं केलं, मग पलीकडचा काठ घेतला, आणि मग माळरानाला लागली.

समिती सभेला येता-जाता चित्राकडे बघायची.

"यात तर काहीच नाही," एकदा सांबरराव म्हणाले.

"नाही ना?" सायाळ खूश होऊन म्हणाली. ते तिला अवघड गेलं होतं.

अजून ती काढतेच आहे. गोगलगाय मागून येते आहे. चित्र आता दोन पळसांत मावत नाही, तिसरा लागला आहे. तुम्ही विचाराल, तिच्या पोटाचं काय? मुलांनो, सायाळी कंदमुळं उकरून खातात. दुकान काढायच्या आधीही ती तेच खायची.

तात्पर्य

एखादं छोटं दुकान तुम्हाला मनापासून आवडत असेल, तर तिथून कधीही काही विकत घेऊ नका. रोज जा, चाखा, बाकड्यावर बसा, आणि माल दुसरीकडून मागवा. बंद पडलं की समिती काढा. सांबररावांनी वेळच्या वेळी चारोळी घेतली असती, तर ते माळरान कुणी काढलं नसतं. या जंगलात चित्रकार घडवायची दुसरी कोणतीही सोय नाही.

हे तात्पर्य मी गोगलगाईला वाचून दाखवलं. गोष्ट इथं संपवू का, असंही विचारलं.

ती म्हणाली, "थांबा जरा. मी अजून नदीतच आहे."