गच्चीवरचा संशयित

गच्चीवर तीन डिश, दोन पाण्याच्या टाक्या, कपडे वाळत घालायच्या चार दोऱ्या आणि कुलपाच्या किल्ल्या दोन. सायंटिस्टनं सगळं पुन्हा एकदा मोजून घेतलं. भौतिकशास्त्राची पदवी मिळाल्यापासून घरात तिला याच नावानं हाक मारत, आणि तिलाही ते मनापासून पटलेलं होतं!

"आई, तू निर्धास्त राहा. आपल्या डिशशी खेळणाऱ्याला आज मी रंगेहाथ पकडते!"

आई कसली निर्धास्त राहतेय! आठ वाजता लोकल एचडी चॅनेलवर गाण्याच्या स्पर्धेची, गेल्या आठवड्यात चित्रित झालेली अंतिम फेरी होती. त्यात आईचं गाणं, तेही एकदाच दाखवणार. आणि हल्ली संध्याकाळ झाली की नेमके नाजूक सिग्नलचे लोकल एचडी चॅनेलच मान टाकत होते. डिशवाला दुपारी येऊन बघून गेला. तो असेपर्यंत चित्र शहाण्या मुलासारखं वागलं!

"बाबा, ढग आले की सिग्नल बिघडायला हवा ना?" सायंटिस्टनं पुरावा मांडला. "आपल्याकडे ढगाळ संध्याकाळी चित्र लख्ख! आणि आभाळ निरभ्र असलं की नुसते चौकोन! हे निसर्गाचं काम नाही. माणसाचं आहे!"

"माणसाचं कशाला, वन्संचं म्हण," आई म्हणाली. खालच्या मजल्यावरची आत्या याच स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाली होती, आणि गच्चीची दुसरी किल्ली तिच्याकडे होती.

"अगं, माझी सख्खी बहीण आहे ती!"

"म्हणून तर म्हणते!"

सापळा साधा होता. आत्याला आग्रहानं बोलावून टीव्हीसमोर बसवायचं, बाबांनी फोनवर बातमी द्यायची आणि सायंटिस्टनं गच्चीवर पहारा करायचा. कुणाला शंका नको म्हणून तिनं नेहमीसारखी दुर्बीणही वर नेली. आभाळ स्वच्छ असलं की ती रोज संध्याकाळी दुर्बीण लावायची, ती इथेच, डिशला अगदी खेटून. गच्चीवरचं सगळ्यात मोकळं आकाश तिथूनच दिसायचं.

"आत्या कुठंय?" ती फोनवर कुजबुजली.

"समोरच. बिस्किटं खातेय."

"सिग्नल?"

"गेला!"

म्हणजे साथीदार आहे!

"आणि तिचे यजमान?"

"इथंच. घोरतायत."

म्हणजे तिसराच कुणीतरी! ती मांजरीच्या पावलांनी टाकीमागे गेली. तिथे कुणी नव्हतं.

"आलं! आलं!" बाबा ओरडले. "आई दिसतेय बघ! माइक हातात घेतलाय!"

ती धावत डिशपाशी परतली.

"गेलं!"

"बघितलंत? मी हलले की सोडतो, परत आले की धरतो! माझ्यावर पाळत ठेवून आहे तो!"

आता तिनं डिशकडे पाठ केली, हात पसरले आणि गोलरक्षकासारखी ठाण मांडून उभी राहिली. बघू आता कोण येतो!

"अगं, आता तर सगळेच चॅनेल गेले!"

फोनमधून आत्याचा मधाळ आवाज आला. "वहिनी, मुखडा गोड झाला हो. अंतरा मी म्हणून दाखवू का?"

पुढच्याच क्षणी जिन्यात धाडधाड पावलं वाजली. आई दारात येऊन थांबली. तिनं डिशकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, मग पुन्हा डिशकडे.

"खाली बस."

"आई, तो निसटेल!"

"बस म्हणते ना!"

ती बसली.

"आलं!" फोनमधून बाबा. "अरेरे, संपलं गं गाणं. टाळ्या चालल्यात."

"ऊठ," आई म्हणाली.

"गेलं!"

"बस."

"आलं!"

"अहो, तो टीव्हीवरचा सिग्नलचा आकडा वाचा," आईनं फोन हातात घेत सांगितलं, आणि लेकीला आणखी तीनदा उठवलं, तीनदा बसवलं. तिन्ही वेळा आकडा तोच आला. सायंटिस्ट उभी असताना एकतीस टक्के, बसल्यावर ब्याऐंशी.