गेनूतात्यांचा कोरा गळा

गेनूतात्यांकडे चहाला गेलं की कपाच्या आधी त्यांचं पोट समोर यायचं. सदरा वर करून ते अपेंडिक्सचा व्रण दाखवायचे, मग हर्नियाचा. बेल्ह्याच्या बाजारात बैलानं मांडीत शिंग घातलं होतं, तो व्रण पुरुषांना दाखवायचे आणि माझ्यासारख्या बाईमाणसाला नुसता तोंडी सांगायचे.

"ही शिलाई बघा, बाई. हात हलका. आन् ही? पोतं शिवल्यागत. माझ्यावर लई कारागिरांनी काम केलंय."

तात्या एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. लोणी गावात आमची भिंतीला भिंत. मी शाळेत शिकवते. गावात कुणाचं दवाखान्याचं काम निघालं की कागद गोळा करणं, पिशवी भरणं, गाडी गाठणं हे माझ्याकडे येतं. तात्यांची बायको गंगूबाई काही वर्षांपूर्वी गेली. मुलगी सुनंदा तळेघरच्या शाळेत शिक्षिका, तिथंच खोली घेऊन राहायची.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सुनंदाच्या गळ्यात थायरॉइडची गाठ निघाली. सुई घालून तपासलं. गाठ साधी होती, पण वाढत होती. डॉक्टर म्हणाले, काढून टाका. सुनंदा म्हणाली, "आईसारखा गळा मला नको."

गंगूबाईंचंही हेच ऑपरेशन तरुणपणी झालं होतं. गळ्यावर आडवा, दोरीसारखा जाड व्रण राहिला. जन्मभर त्यांचा एक हात पदर धरायलाच असायचा. आता सुनंदा ऐन उन्हाळ्यात गळ्याभोवती ओढणी गुंडाळून फिरायला लागली.

मी चौकशी केली. पुण्यात हे ऑपरेशन दुर्बिणीतून करणारे डॉक्टर होते. काखेत आणि छातीवर बारीक छिद्रं पाडून तिथून गाठ काढायची. गळ्याला सुरीच लागत नाही. फक्त गाठ लहान आहे तोवरच हे जमतं.

"काकू, बारीक रेघ राहील असं आईलापण सांगितलं होतं," सुनंदा म्हणाली आणि वह्या तपासायला बसली. गाठ तिच्यासाठी थांबणार नव्हती, आणि ती कुणाचं ऐकणार नव्हती.

तेवढ्यात दाढी करताना न्हाव्याला तात्यांच्याच गळ्याला गाठ लागली. मी त्यांना पुण्याला घेऊन गेले. तीही थायरॉइडचीच निघाली, साधी आणि लहान. डॉक्टरांनी दोन्ही पद्धती नीट समजावल्या.

"समोरनं करा," तात्या म्हणाले. "आन् रेघ चांगली लांब ठिवा. शिलाई दिसली पायजे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"आजोबा, दुर्बिणीतून केलं तर गळा कोरा राहील. ऑपरेशन झालंय हे कुणाला खरं वाटणार नाही."

तात्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी विचारलं, "पार कोरा? पोरीनं जवळून बघितला तरी?"

"तरी."

"मंग दुर्बिणीतनंच करा."

ऑपरेशन नीट पार पडलं. आवाज तेवढा काही दिवस बसला होता. घरी आल्यावर रीतीप्रमाणे लोक बिस्किटांचे पुडे घेऊन भेटायला आले.

"टाका दाखवा की, तात्या."

तात्यांनी हात वर करून काख दाखवली. शेजारचा बबन वाकून बघत म्हणाला, "हे तर गळू फुटल्यागत दिसतंय. पुण्याला पिच्चर बघून आला काय, राव?"

सगळे हसले. एरवी तात्यांनी त्याचं बखोटं धरलं असतं. त्या दिवशी त्यांनी बबनच्या पुढ्यात चहा सरकवला.

बरं वाटल्यावर आम्ही तळेघरला निघालो. एसटीत मी म्हटलं, "तात्या, एवढी व्रणांची हौस, आणि हा हातचा घालवलात."

"हौस कसली, बाई? लग्नाकार्यात बाया गंगूच्या गळ्याकडं टक लावून बघायच्या. तिला घास जात न्हवता. मंग मी सदरा वर करायचो. समदी माझ्याकडं बघून हसायची. तवर ती जेवून घ्यायची." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती गेली, सवय ऱ्हायली."

तळेघर आलं तशी मी पिशवी उचलली.

सुनंदा खोलीवरच होती. तात्या दारातल्या उजेडात खुर्ची घेऊन बसले, वरचं बटण काढलं आणि हनुवटी वर केली. सुनंदानं जवळ येऊन बघितलं. या कानाखालून त्या कानाखाली बोट फिरवलं. मग परत एकदा फिरवलं.

"काखेत दुखतं का?"

"पयलं दुखलं. आता न्हाई."

"आवाज?"

"बसला व्हता. आता तुझ्यावर वरडता येतंय."

ती हसली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, माझी गाठ अजून लहान आहे का, बघता?" आणि गळ्याभोवतीची ओढणी सोडायला लागली.

तात्या लगेच उठले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. समोर भाताची खाचरं होती, तिकडे बघत राहिले.

"तात्या," मागून सुनंदा म्हणाली, "तुम्हीपण बघा ना."