आधी मासळी घेऊन ये

चौकीत नवा शिपाई हजर झाला की राऊत हवालदार त्याचा सलामसुद्धा धड घेत नसत. हातात पिशवी कोंबत आणि म्हणत, "आधी मासळी घेऊन ये. वर्दीतच जा."

ही ऐंशीच्या सुमाराची गोष्ट. बोईसरहून दांडीकडे जाताना आमची चौकी लागे. भरतीवाल्यांनी छाती मोजली, पळवलं, कवायत शिकवली, तरी दांडीच्या कोळणींसमोर उभा राहून येईपर्यंत राऊतांच्या लेखी तो पोलीस नव्हता. डाफरला, तर नापास. फुकट आणली, तर कायमचा नापास. मी शिळे बोंबील दुप्पट भावानं आणले, वर "मुडद्या, घ्याचा नाय तर वास कशाला घेतोस?" हेही ऐकून आलो. राऊतांनी पिशवीत नाक घातलं. "फसलास. पण कुणाला घाबरवलं नाहीस. चालशील." मला मिळालेलं एवढंच प्रशस्तिपत्रक.

एक पैलवान गडी मात्र सुरमई घेऊन ऐटीत परतला. "पैसेच घेतले नाहीत हो तिनं!" राऊतांनी त्याला आल्या पावली पैसे द्यायला पाठवलं. सगळा बाजार त्याला हसला. पुढच्याच आठवड्यात फौजदारांनी त्याला चौकीतून काढून सरकारी कोठाराच्या पहाऱ्यावर धाडलं. "वर्दी अंगात घालायची, डोक्यात नाही," हे राऊतांचं पालुपद. फौजदार बदलत, पण माणूस ठेवायचा की नाही हे राऊतांनाच विचारत.

मग राऊतांचा मुलगा सुरेश भरती झाला आणि नेमका आमच्याच चौकीत आला. आई लहानपणीच गेलेली, घरात बापलेक दोघंच. त्या दिवशी राऊतांनी दाढी दोनदा केली असावी. पिशवी मात्र दिलीच.

सुरेश परतला तो दोन जाडजूड पापलेटं घेऊन. पैसे खिशात तसेच. "जानकीबाय घेईनाच, बाबा."

जानकीबायला कुणकुण लागली असावी, ती टोपली टाकून धावत आली.

"हवालदार, त्यानं मागला नाय. मीच दिला. तुमचा पोर तो आमचा पोर हाय. हसत दिला मी, हसत!"

"माजी आय पालघरच्या बाजारात वांगी विकायची," राऊत म्हणाले. "शिपाई टोपलीतून उचलायचे. ती पण हसतच द्यायची."

फौजदार मात्र म्हणाले, "पोरगं नवं आहे, राऊत. राहू दे."

"दुसऱ्याचा पोर घालवला, साहेब. माझा ठेवला, तर उद्या कुठल्या तोंडानं पिशवी देऊ?"

सुरेशची बदली मोखाड्याला झाली. जाताना तो बापाच्या पाया पडला नाही, पुढे पत्रही नाही. मला राऊतांचा राग आला होता. त्यांचं बरोबर असेलही, पण रोज एकट्यानं ताट वाढून घ्यायचं त्यांच्याच वाट्याला आलं. जेवायला बोलावलं तर "पोट बिघडलंय" म्हणत. इतकं कुणाचं पोट बिघडत नाही.

दोनेक वर्षांनी समन्स बजावायला मी मोखाड्याला निघालो. राऊत एसटीपर्यंत आले.

"सुरेशकडे जाऊ नको. लांबून बघ. लोक त्याच्याजवळ येतात का, तेवढं सांग."

लांबून कसलं, त्यानंच मला हाक मारली. तो चौकीच्या पायरीवर एका वारली म्हाताऱ्याशेजारी बसला होता, आणि म्हातारा निवांत विडी ओढत आपलं गाऱ्हाणं सांगत होता. पोलिसाजवळ एवढं निर्धास्त बसलेलं माणूस मी क्वचितच पाहिलंय. सुरेशनं चहा पाजला, चौकीतल्या सगळ्यांची विचारपूस केली. बापाचं नाव काढलं नाही.

परतल्यावर मी पायरी, म्हातारा, विडी, सगळं सांगितलं. राऊतांनी डोळे पुसले, लपवलेही नाहीत.

"मग झाला म्हणायचा पोलीस." हळूच त्यांनी विचारलं, "माझं काही विचारलं?"

"हो," मी म्हणालो. "वेळेवर जेवता का, म्हणून."

खोटा जबाब राऊतांना वासावरून कळायचा. भल्याभल्यांचे जबाब त्यांनी फाडून टाकले होते. ते माझ्याकडे बघत राहिले, मग मान खाली घातली.

"जेवतो म्हणून कळव त्याला," ते म्हणाले. "वेळेवर."